अर्धा कोयता : बाईचं काम मोजतं कोण?

आजचा विषय आहे 'स्त्री, समाज आणि श्रम'. विषय मोठा आहे, आणि अशा विषयांची एक अडचण असते. ते ऐकताना सगळ्यांच्याच माना डोलतात. बाईला कमी पगार मिळतो? हो. तिला घर आणि नोकरी दोन्ही ओढावं लागतं? हो. मग टाळ्या होतात, आठ मार्चचा गुलाब हातात येतो आणि आपण घरी जातो. ज्या गोष्टीवर एवढं एकमत आहे, ती टिकते कशी, हा प्रश्न तिथेच राहतो.

आज आपण त्या प्रश्नाला एकाच बाजूनं भिडू या. भेदभाव म्हटलं की आपल्यासमोर पगाराची दोन पाकिटं येतात, पुरुषाचं जाड आणि बाईचं पातळ. तेही खरंच आहे. पण आमचं म्हणणं असं आहे, की अन्याय बऱ्याचदा पाकिटाच्या फार आधी झालेला असतो. काम कशात मोजायचं, कुणाच्या नावावर लिहायचं, त्याला नाव काय द्यायचं, हे ठरतं त्या वेळी तो होऊन जातो. माप एकदा तसं पडलं की पुढे कुणी वाईट माणूस असण्याची गरजही उरत नाही. सगळे हिशेब चोख असतात आणि बाई त्यात नसते.

म्हणून आज आपण मापं वाचणार आहोत. कविता वाचतो तशी चार-पाच शब्दांची समीक्षाच म्हणा ना. पहिला शब्द आहे कोयता.

मराठवाड्यातल्या मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगू या. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, उत्तर कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने फडावर राहून उन्हाळ्यात परततात. निघण्याआधी मुकादम त्यांना उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती पुढे तोडणीतून फेडायची असते. ही उचल दिली जाते कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच माणूस आला तर तो अर्धा कोयता.

आता हा शब्द सावकाश वाचू या. कोयता हे हत्यार आहे. माणसं मोजायला हत्याराचं नाव वापरलं, हा एक भाग झाला. कारखान्याला माणसाशी नाही, तोडणीशी कर्तव्य आहे, हे त्यातून कळतं. पण दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. या मापात बाई आहे. तिच्याशिवाय कोयता पुरा होतच नाही. तिला वगळलेलं नाही, उलट ती अत्यावश्यक आहे. आणि तरीही तिच्या कामाची अशी वेगळी रक्कम कुठेच लिहिलेली नाही. उचल बोलतो नवरा, घेतोही बहुतेक तोच. सही किंवा अंगठा त्याचा. फेडायला मात्र दोघं बांधलेली.

फडातल्या कामाची वाटणी पाहा. साधारणपणे पुरुष ऊस तोडत पुढे सरकतो, आणि बाई पाचट काढते, वाढं वेगळं करते, मोळ्या बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. अनेक बायका स्वतः तोडतातही. या सगळ्याच्या आधी पहाटे पाणी भरणं आणि भाकरी थापणं झालेलं असतं, आणि नंतर कोपीवर परतल्यावर चूल तिचीच असते. मजुरी ठरते टनावर. टन गाडीत भरला की त्यात कुणाचा घाम किती, हे वेगळं करता येत नाही. जे वेगळं करता येत नाही, ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे जातं.

इथे कायद्याकडे वळू या, कारण कायद्यातही एक माप दडलेलं आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी आपल्याकडे समान वेतनाचा अध्यादेश आला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. त्यातल्या तरतुदी आता २०१९ च्या वेतन संहितेत आल्या आहेत. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला बाई आणि पुरुष असा भेद न करता सारखं वेतन, हे त्याचं सूत्र. पन्नास वर्षांपूर्वी ते मोठं पाऊल होतं, यात शंका नाही.

पण ऊसतोडीची बाई या कायद्याकडे जाईल कशी? कमी वेतनाची तक्रार करायची तर आधी तिचं म्हणून काही वेतन असावं लागतं. तिला नवऱ्यापेक्षा कमी मिळतं, असं कागदावर सिद्धच होत नाही, कारण तिच्या नावावर कागदच नाही. अर्धा पगार मिळाला असता तर ती उरलेल्या अर्ध्यासाठी भांडली असती. ती अर्धा कोयता आहे, आणि त्या अर्ध्याला स्वतःची किंमत नाही.

या मापाचे परिणाम फडाबाहेरही जातात. जोडी असेल तरच पुरी उचल मिळते, म्हणून मुलाचं लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली मुलगी गावात ठेवायची कुणाच्या भरवशावर, ही भीती मुलीच्या घरी असतेच. दोन्ही बाजूंनी घाई होते. बालविवाहाबद्दल आपण रूढी, अज्ञान, मागासलेपण असे शब्द वापरतो. ते सगळं असेलही. पण त्यात एक हिशेबही आहे, आणि तो त्या कोयत्याच्या मापातून आलेला आहे. विधवा किंवा टाकलेल्या बाईचं काय होतं? तिला भावाबरोबर, बापाबरोबर किंवा मुलाबरोबर जोडी लावून जावं लागतं. काम येतं, अंगात ताकद आहे, तरी एकटीच्या बळावर तिचं माप पुरं होत नाही.

आणि आता या विषयातला सगळ्यात कठीण भाग. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला बीडकडच्या बायका 'पिशवी काढणं' म्हणतात. २०१९ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण दर सहा जणींमागे एक. त्याच दशकातल्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, आणि प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यकच होती असं हा आकडा म्हणत नाही. तरीही एवढा फरक निव्वळ आजारानं पडत नाही.

हे घडतं कसं, ते साखळीनं पाहू या. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही तीच मोळी आणि तीच फळी. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, तरी दवाखान्यात जाता येत नाही, कारण दवाखान्यात गेलं की खाडा पडतो. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि त्याचे पैसे जोडीच्या हिशेबातून कापले जातात. एकीचा ताप, खाडा दोघांचा. मग दुखणं अंगावर काढायचं, गावी परतल्यावर दाखवायचं. तिथे कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं आणि पिशवी काढायचा सल्ला मिळतो. दोन-तीन मुलं झालेली असतात, आता पिशवीचं काम काय, असं तिलाही वाटतं. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, ते फेडायला पुन्हा उचल. पिशवी गेली म्हणजे पाळी गेली, पाळी गेली म्हणजे खाडा गेला. त्या परिस्थितीत बाईनं केलेला हा हिशेब मूर्खपणाचा नाही, हे लक्षात घ्यायला हवं. माप तिच्या शरीराला जुळवून घेत नाही, म्हणून ती शरीर मापाला जुळवून घेते.

मग यावर उपाय काय झाला? खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन घातलं गेलं. ते योग्यच होतं. नफेखोर डॉक्टरला चाप लागलाच पाहिजे. पण आपली टीका इथे आहे. चर्चेचा सगळा झोत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडला. खाड्याला परवानगी लागते का? आजारी बाईचे पैसे कापण्याआधी मुकादमाला कुणाची सही घ्यावी लागते का? शेवटच्या कडीवर नियम आला, पहिल्या कडीला फारसा धक्का लागला नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चांगली गोष्ट झाली, संघटनांच्या लढ्याचं ते यश आहे. पण ही वाढसुद्धा टनावरच बसते, आणि टनाला बाई-पुरुष नसतो. ३४ टक्क्यांतलं तिच्या हातात काय पडलं, हे त्या कराराच्या भाषेतून कळूच शकत नाही.

इथे कुणाला वाटेल, की हे सगळं फडावरचं, गरिबीतलं. शहरात, शिकलेल्या घरात असं नाही. म्हणून दुसरा शब्द घेऊ या : गृहिणी. आणि तो कोर्टात जाऊन वाचू या.

गृहिणी अपघातात गेली तर भरपाई किती द्यायची? भरपाई ठरते गेलेल्या माणसाच्या कमाईवर. तिची कमाई शून्य. मग १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात एक तोड निघाली. न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे हयात असलेल्या कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरायचा. ऐकायला सोयीचं आहे. पण याचा अर्थ काय झाला? दोन बायका आहेत, दोघीही पहाटे उठतात, डबे करतात, म्हाताऱ्यांची औषधं बघतात, पोरांचा अभ्यास घेतात. एकीचा नवरा शिपाई, दुसरीचा मॅनेजर. मग दुसरीची पोळी पहिलीच्या पोळीपेक्षा कितीतरी महाग! काम बाईचं आणि माप नवऱ्याचं. फडावरच्या कोयत्यात आणि या एक तृतीयांशात फरक आहे तो पोशाखाचा.

न्यायालयांनाही हे खटकत होतं. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून अनेक बायका आणि मुलं मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात, लता वाधवा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. आकडा लहान वाटेल, पण तो नवऱ्याच्या पगारातून काढलेला नव्हता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. पुढे २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायालयानं जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या जोडीनं अनुत्पादक गटात बसवलं होतं. देशाच्या अधिकृत मोजणीत आपल्या आया-बहिणी कुठे बसल्या होत्या, ते बघा. कुणी त्यांचा अपमान करायला बसलं नव्हतं. रकान्यांची रचनाच तशी होती.

२०१९ मध्ये केंद्र सरकारनं वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. आता 'करणारे पुरुष' हे शब्द विसरू नका, कारण अशी कामं त्या दिवशी केली असं सांगणारे पुरुष होते २६ टक्क्यांच्या आसपास आणि बायका ८१ टक्क्यांच्या आसपास. जानेवारी २०२१ मध्ये, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात, न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी हेच आकडे निकालात घेतले. म्हणजे बघा, मिनिटं मोजली गेली तेव्हा न्यायालयाला तो हिशेब हाताशी आला. मोजणीचा हा फायदा आहे. पण हेही खरं, की बाईच्या घरकामाची किंमत करायला आपल्याला प्रसंग सापडला तो तिच्या मृत्यूचा. ती जिवंत असेपर्यंत ते प्रेम असतं, कर्तव्य असतं, संस्कार असतो. गेल्यावर त्याची रक्कम निघते.

तिसरा शब्द : मानधन. मराठीत फार आदराचा शब्द आहे हा. व्याख्यात्याला मानधन देतात, कीर्तनकाराला देतात. मानाचं धन. हाच शब्द आपण आशाताईंना आणि अंगणवाडीसेविकांना लावला. आशा योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, आणि तिची कल्पना अशी की गावातलीच एक बाई स्वयंसेविका म्हणून काम करील. कामाप्रमाणे मोबदला मिळेल. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, लसीकरणाला पोरं जमवायची, घरोघरी पाहण्या करायच्या, नोंदवह्या भरायच्या. करोनात तर घराघरांत जाऊन तपासणी त्यांनीच केली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा संपावर गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. मान मिळाला. धनाचं काय, तर ते अजून मानधनच आहे.

शब्द साधा आहे, पण तो काय करतो ते पाहा. वेतन म्हटलं की किमान वेतनाचा कायदा येतो, भविष्य निर्वाह निधी येतो, रजा येते, निवृत्ती येते. मानधन म्हटलं की यातलं काहीच येत नाही. 'ताई' म्हटलं की नातं येतं आणि नात्यात हिशेब मागायचा नसतो. 'सेविका' म्हटलं की सेवा येते आणि सेवेला तास नसतात. एवढा आदर देऊन एवढे हक्क काढून घेणारी शब्दयोजना दुसरी सापडणं कठीण. आणि हा खेळ पुरुषबहुल खात्यांत इतक्या सहज होत नाही. तलाठी स्वयंसेवक नसतो. पोलीस पाटलाला मानधन असतं खरं, पण तो पूर्ण दिवस दारोदार हिंडत नाही. गावातल्या बाईचं काम मात्र आपल्याला मुळात सेवा वाटतं, आणि घरात फुकट करते तेच गावासाठी थोड्या पैशांत करील, असं योजना आखतानाच गृहीत धरलेलं असतं.

आता उलट उदाहरण पाहू या. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या अंगणवाडीसेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की १९७२ च्या उपदान कायद्याखाली, ज्याला आपण ग्रॅच्युइटी कायदा म्हणतो, त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. त्यांना जे मिळतं त्याला तुम्ही काहीही नाव द्या, ते या कायद्यापुरतं वेतनच आहे, असा त्याचा आशय. एका शब्दाचं वाचन बदललं आणि हजारो बायकांचा म्हातारपणाचा हक्क उभा राहिला. शब्दांची समीक्षा रिकामटेकडी नसते, ती अशी पोटाला लागते.

आता थोडं कचेरीत जाऊ या, फार वेळ घालवायचा नाही. दोन खटले सांगतो, दोन्हींना मुंबईचा संदर्भ आहे. पहिला एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा, १९८१ चा. नियम असा होता, की पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात, यातलं जे आधी येईल तेव्हा नोकरी संपायची. त्याच विमानातले पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षापर्यंत कामावर. न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षांची लग्नाची अट मात्र कायम ठेवली. आणि पुरुषांशी तुलना? ती होत नाही म्हणाले, कारण दोघांची श्रेणी वेगळी, भरतीचे नियम वेगळे. आधी वेगळ्या खान्यात टाकायचं आणि मग म्हणायचं, खाना वेगळा आहे, तुलना कशी करणार?

दुसरा खटला मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीचा, १९८७ चा. ऑड्री डिकॉस्टा यांनी तो लढवला. कंपनीत 'लेडी स्टेनोग्राफर' म्हणून वेगळा वर्ग होता आणि त्यांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. इथे न्यायालयानं नावाची पाटी बाजूला सारून काम पाहिलं, ते सारखंच आहे म्हटलं, आणि कंपनीला परवडत नाही ही सबब चालणार नाही हेही सांगितलं. सहा वर्षांच्या अंतरानं दोन निकाल, आणि त्यांतला फरक एवढाच, की एकानं खान्याची पाटी मान्य केली आणि दुसऱ्यानं पाटीच्या मागे काय आहे ते पाहिलं.

आता आक्षेप. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप बरेचदा चळवळीतली मंडळीच घेतात, आणि तो वजनदार आहे. ऊसतोडीत नवराही पिळलाच जातो. त्याचाही घाम मुकादम आणि कारखाना खातो. मग नवरा-बायकोच्या हिशेबात फूट का पाडायची? खरंय, तोही पिळलाच जातो. कोरडवाहू जमीन, दुष्काळ, जात, कर्ज, सगळं त्याच्याही डोक्यावर आहे. पण बाईची नोंद वेगळी झाली तर नवऱ्याचं काय जातं? उलट दोन मजूर म्हणून हिशेब झाला तर मुकादमाला एका आकड्यात दोन माणसं राबवता येणार नाहीत. कोयत्याच्या मापाचा खरा फायदा फडाच्या मालकाला आणि कारखान्याला आहे. नवऱ्याला त्यातून मिळते ती घरातली सत्ता, आणि ती खरोखर फार स्वस्तातली लाच आहे.

दुसरा आक्षेप, काम जड ते पुरुषाचं, म्हणून जास्त पैसे. शेतावर आजही मजुरीचे दोन दर चालतात, गड्याचा वेगळा आणि बाईचा वेगळा, आणि कारण हेच देतात. पण जड म्हणजे काय, हे कोण ठरवतं? मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणं हलकं? दिवसभर वाकून खुरपणं, गुडघाभर पाण्यात भात लावणं हलकं? पुरुष जे करतो त्याला आपण जड म्हणतो आणि मग जड म्हणून जास्त पैसे देतो. हे तर्कशास्त्र गोल आहे.

तिसरा आक्षेप, बायकांनाच हे चालतं, त्या तक्रार करत नाहीत. यावर एवढंच म्हणू या, की तक्रारीच्या अर्जात नाव, पद आणि वेतन असे रकाने असतात. ज्या बाईकडे यातलं फक्त नाव आहे, ती गप्प दिसणारच.

मग करायचं काय? यासाठी आपल्याला परदेशात जायची गरज नाही, कारण वेगळं माप महाराष्ट्रानं स्वतःच घडवलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली, त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचाच आधार मिळाला. रोहयोच्या कामांत त्रुटी होत्या, मापात फसवणूक होती, पैसे रखडायचे, सगळं मान्य. पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, बाईचं नाव वेगळं लागत होतं. खडी फोडणाऱ्या बाईला त्या कागदानं जोडी विचारली नाही. विधवा असो, टाकलेली असो, एकटी असो, ती पुरी मजूर होती. बायका त्या कामांवर मोठ्या संख्येनं आल्या, त्याचं एक कारण हेही आहे. तीच बाई, तेच हात. मस्टरवर पुरी, फडावर अर्धी.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती कुठल्याही गावच्या सभेत मांडता येईल. करार कोयत्याचा न होता दोन माणसांचा व्हावा, दोघांच्या नावानं. उचलीची आणि फिटलेल्या रकमेची नोंद दोघांकडे असावी. बाईचा मोबदला तिच्या खात्यात जावा. आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांचा खाडा कापला जाऊ नये. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आता आहे, तिथल्या प्रत्येक योजनेत बाई स्वतंत्र कामगार म्हणून धरली जावी, कुणाची बायको म्हणून नव्हे. आणि फडावर पाणी, संडास, पाळणाघर यांची जबाबदारी कारखान्यानं घ्यावी. कारण साखर त्याची आहे.

याचा अर्थ वेगळं नाव लागलं की सगळं सुटलं, असा नाही. पगार खात्यात जमा होतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, अशी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. नोंद हा शेवट नाही. पण नोंदीशिवाय भांडणाला सुरुवातच होत नाही. हक्क मागायचा तर आधी एक ओळ लागते कागदावर, जिच्यावर बोट ठेवून म्हणता येईल, हे माझं.

तेव्हा आज जाताना प्रत्येकानं एक काम करू या. आपल्या घरी, कचेरीत, सोसायटीत, शेतावर जी बाई राबते, तिचं काम कोणत्या नावानं आणि कोणत्या मापानं लिहिलं जातं, ते शोधायचं. सातबारावर ती आहे का, हजेरीवर आहे का, दुकानाच्या कागदांत आहे का, की 'घरचीच आहे' या दोन शब्दांत तिचा सगळा हिशेब संपतो? उत्तर मिळालं की ते तिलाही सांगायचं. बहुतेक वेळा तिला ते आधीपासून माहीत असतं, पण आपल्यालाही कळलंय हे तिला कळायला हवं.

इथे थांबू या. समोर बऱ्याच चिठ्ठ्या आलेल्या दिसतात, त्यातली पहिलीच बीडहून आलेल्या एका ताईंची आहे. तर आता प्रश्नांकडे वळू या.